घोडा आणि माणसाचे मन



चालकांचे निमंत्रण आले तेव्हा मी कामगार कायद्यांविषयी बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. ती काही चुकीची नव्हती. गेली तीस वर्षे मी दुसरे फारसे बोललेलोच नाही. गेटसभेत बोललो, कामगार आयुक्तांच्या कचेरीत बोललो, प्रसंगी पोलीस चौकीत बसूनही बोललो. पण या खेपेस मी त्यांना कळवले की मला घोड्यावर बोलावयाचे आहे. दोन दिवस त्यांच्याकडून उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी चिटणीसांचा फोन आला. म्हणाले, "कामगार पुढारी आपले घोडे पुढे दामटणार हे आम्हांला ठाऊकच होते, पण तुम्ही खरोखरीचे घोडे आणाल असे वाटले नव्हते!"

तर ते घोडे मी आज सभेत आणले आहे. माझे शालेय शिक्षण नववीपर्यंत. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातले आणि सार्वजनिक वाचनालयातले. तेव्हा बोलताना कोठे पाऊल चुकले तर येथील जाणकारांनी जरूर लगाम खेचावा. मी लाथ मारणार नाही, एवढे आश्वासन देतो.

विषय असा आहे. युरोपात आणि अमेरिकेत गेली काही दशके माणसाच्या शरीरावरील आणि मनावरील आघातांच्या उपचारात घोड्याचे साहाय्य घेतले जाते. जन्मतः मेंदूला इजा झाल्याने ज्याचे हातपाय ताठ झाले आहेत असे मूल, युद्धावरून परतल्यावर रात्री दचकून उठणारा शिपाई, लहानपणी मार खाल्लेली आणि आता कोणाशीच न बोलणारी मुलगी, अशांना घोड्याजवळ नेतात. याला आपण अश्वोपचार म्हणू. त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्यात रुग्ण घोड्यावर बसतो आणि व्यायामोपचार जाणणारा तज्ज्ञ शेजारून चालतो. दुसऱ्यात घोड्यावर बसायचेच नाही. त्याच्याजवळ उभे राहावयाचे, त्याला खरारा करावयाचा, दोरी धरून त्याला चालवावयाचे, आणि हे मनाच्या तज्ज्ञाच्या समक्ष करावयाचे. मला आज विशेषकरून दुसऱ्याविषयी सांगावयाचे आहे. पण गोष्टीला आरंभ पहिल्यापासून होतो, आणि तो एका बाईपासून होतो.

डेन्मार्कमध्ये १९२१ साली लिस हार्टेल नावाची मुलगी जन्मली. लहानपणापासून घोड्यावर बसणारी. घोड्याला नुसते दौडवण्यापेक्षा ठरलेल्या चालींनी, जणू नाचवीत नेण्याची एक स्पर्धा असते. तिला ड्रेसाज म्हणतात. त्यात ती आपल्या देशात पहिली आली होती. १९४४ साली, वयाच्या २३ व्या वर्षी, तिला पोलिओ झाला. त्या वेळी ती गरोदर होती. मूल सुखरूप जन्मले, पण आईचे अंग लुळे पडले. तिने हळूहळू हात हलवले, मग मांड्यांत थोडी शक्ती आणली, मग कुबड्यांवर चालू लागली. गुडघ्यांखालचे पाय मात्र कायमचे गेले. ती पुन्हा घोड्यावर बसली. बसली म्हणजे तिला दुसऱ्यांनी उचलून बसवावे लागे आणि उतरवावे लागे.

आता ज्यांनी कधी घोड्यावर मांड ठोकली आहे त्यांना ठाऊक असेल की स्वाराची निम्मी भाषा पायांची असते. टाच लावली की घोडा चालतो, पोटरी दाबली की वळतो. या बाईला ती भाषाच उरली नव्हती. तिने ज्युबिली नावाच्या घोडीशी दुसरी भाषा तयार केली. पाठीचा कणा किंचित सरळ केला, बसण्याचा भार तसूभर इकडून तिकडे नेला, की घोडी समजे. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये ही स्पर्धा स्त्रियांना प्रथमच खुली झाली. तोवर ती लष्करी अधिकाऱ्यांची मिरास होती. त्या वर्षी लिस हार्टेलने पुरुषांच्या बरोबरीने उतरून रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदक मिळाले स्वीडनच्या हेन्री सेंट सीरला, आणि त्यानेच तिला आधार देऊन विजयमंचावर चढवले. १९५६ साली तिने पुन्हा रौप्यपदक घेतले. ती २००९ साली वारली.

तिचे पाय बरे झाले नाहीत, हे मी मुद्दाम सांगतो. घोड्याने पोलिओ घालवला असे कोणी सांगितले तर तो आपल्याला फसवीत आहे असे समजा. पण तिचे उदाहरण पाहून निरनिराळ्या देशांतल्या व्यायामोपचारकांनी अपंग मुलांना घोड्यावर बसवण्यास धीर केला. १९६९ साली इंग्लंडात आणि त्याच वर्षी अमेरिकेत या कामासाठी देशव्यापी संस्था उभ्या राहिल्या. त्यामागचे शास्त्रही साधे आहे. घोडा पावलापावलाने चालतो तेव्हा पाठीवर बसलेल्याची कंबर पुढेमागे हलते, बाजूला कलते आणि थोडी फिरते. आपण स्वतःच्या पायांनी चालताना ती जवळजवळ अशीच हलते. ज्या मुलाने जन्मात कधी पाऊल टाकलेले नाही, त्याच्या कंबरेला चालणे म्हणजे काय हे घोडा सांगतो. भिंत धरून जे शिकता येत नाही ते असे शिकता येते.

पण मला कोडे पडले ते दुसरेच. पायांवाचून दिलेली ती इतकी बारीक खूण घोडीला कळत कशी होती? त्याचे उत्तर मला एका जुन्या फजितीच्या गोष्टीत सापडले.

बर्लिन शहरात फॉन ऑस्टेन नावाचे एक निवृत्त शिक्षक होते. त्यांच्याजवळ हान्स नावाचा घोडा होता आणि त्यांनी त्याला चार वर्षे अंकगणित शिकवले. बेरीज विचारली की हान्स जमिनीवर खूर आपटून उत्तर देई. सात आणि पाच किती? बारा टापा. गावभर बोभाटा झाला. १९०४ साली विद्वानांची एक समितीच नेमली गेली, आणि तिला त्यात काही लबाडी आढळली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या तरुण अभ्यासकाने धीराने परीक्षा घेतल्या. त्याला दिसले की प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक नसले तर हान्सलाही येत नाही, आणि विचारणारा हान्सच्या नजरेआड असला तरी येत नाही. मग हा घोडा करीत काय होता? विचारणारा प्रश्न संपवून टापांकडे पाहण्यास किंचित वाकला की हान्स खूर आपटू लागे. बरोबर आकडा येताच विचारणाऱ्याचे डोके केसभर वर येई, आणि हान्स थांबे. आपले डोके हलते याची त्या माणसाला कल्पनाही नसे. गंमत अशी की फुंग्स्टला हे सगळे कळल्यावरही स्वतःची हालचाल थांबवणे कठीण गेले.

लोक म्हणाले, घोडा अडाणी निघाला. मला वाटते तसे नाही. हान्सला गणित येत नव्हते हे खरे. पण त्याला माणूस वाचता येत होता, आणि तोही न बोलणारा माणूस. घोडा हा मूळचा माळरानावरचा, कळपाने राहणारा आणि लांडग्यावाघांचा भक्ष्य असलेला प्राणी. ज्याला शिंगे नाहीत आणि नख्या नाहीत, त्याने दुसऱ्याचा बेत आधी ओळखला तरच तो जगणार. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना आहेत, त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ सभोवारचे दिसते. एवढे वजनदार हे जनावर पाठीवर बसलेली माशी जाणते आणि तेवढीच कातडी थरथरवून तिला उडवते. २०१६ साली इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २८ घोड्यांना अनोळखी माणसांची मोठी छायाचित्रे दाखवली, काही हसऱ्या चेहऱ्यांची आणि काही रागावलेल्या. रागीट चेहरा समोर आला की घोड्यांच्या हृदयाचे ठोके अधिक झपाट्याने वाढले, आणि ते त्या चेहऱ्याकडे डाव्या डोळ्याने पाहू लागले. नुसते कागदावरचे चित्र ते, तरी त्याचा राग त्यांना लागला.

हे सर्व मी पुस्तकांतून वाचले. पण ते वाचताना मला पदोपदी वाटत होते, अरे, हे तर मी पाहिले आहे. ते कोठे पाहिले ते आता सांगतो.

माझे वडील मुंबईत एका कापड गिरणीच्या साचेखात्यात विणकर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसे त्यात होती, त्यांतले ते एक. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. पहिले वर्ष चाळीत उमेद होती. दुसऱ्या वर्षी भांडी विकली गेली आणि शेजारची बिऱ्हाडे गावी गेली. वडिलांनी कोणाला दोष दिला नाही. ते नुसते बोलायचे थांबले. भिंतीला पाठ लावून बसत, जेवायला वाढले की जेवत, आणि जिन्यावर पाऊल वाजले की आत जात, कारण येणारा प्रत्येकजण एकच प्रश्न विचारी, "काय, संपाचे काय होणार?"

माझे मामा माथेरानला तीन घोडी बाळगून होते. आपल्यापैकी बरेचजण तेथे गेले असतील. मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात, पुढे पायी जायचे किंवा घोड्यावर. १९८४ साली मामांनी आईला निरोप धाडला, "दाजींना पाठवून दे. घोड्याबरोबर चालायला माणूस पाहिजे." वडील गेले. मला वाटते मामांना माणसाची गरज नव्हती. पण त्यांनी तसे कधी म्हटले नाही.

मे महिन्याच्या सुटीत मी तिकडे गेलो. तबेल्याला लागून पत्र्याची एक पडवी होती, तीत निजलो. पहाटे जाग आली ती वडिलांच्या आवाजाने. ते बिजली नावाच्या घोडीला खरारा करीत होते. नाव बिजली, पण चाल बैलगाडीची. खराऱ्याच्या तालावर ते तिला सांगत होते, साच्यावर धागा तुटला की कसा सांधतात, रात्रपाळीला कोण कोण असे, कोणाच्या डब्यात काय असे, कोणी गावी जाऊन काय केले. मी गोधडीत श्वास कोंडून पडून राहिलो. दीड वर्षात मी त्यांचा एवढा आवाज ऐकला नव्हता. हळूच डोके वर करून पाहिले. घोडी समोर गवताकडे पाहत उभी होती, पण तिचा एक कान मागे, वडिलांकडे वळलेला होता.

दिवाळीला ते घरी आले तेव्हा प्रथम मामांविषयी बोलले, मग घोड्यांविषयी, मग आईशी घरखर्चाविषयी. नोकरी परत मिळाली नाही. पण वडील आम्हांला परत मिळाले. घोडीने काय केले? विचाराल तर काहीच नाही. तिने संपाचे काय होणार असे विचारले नाही. धीर धरा असे सांगितले नाही. पहाटे तिला चंदी लागे, पाणी लागे, अंग घासून हवे असे, आणि ते वडिलांनीच करावे लागे. ज्या माणसाला जगाने दोन वर्षे सांगितले होते की तुझे काही काम नाही, त्याची रोज सकाळी एक मुका प्राणी वाट पाहू लागला. एवढेच झाले, आणि ते पुरले.

दुसरा अनुभव माझा स्वतःचा, आणि तो मला कमीपणा आणणारा आहे. मी युनियनचे काम करू लागून पाच-सहा वर्षे झाली होती. एका कारखान्यात करार मोडला गेला, आमची माणसे आपसांत फुटली, आणि मी सभेत माझ्याच कामगारांवर तोंडसुख घेऊन तडक माथेरान गाठले. बिजली तेव्हा नव्हती, मामांकडे दुसरी एक तांबडी घोडी होती. तिला थोपटावे म्हणून मी पुढे झालो. तिने कान मागे पाडले, मान उंचावली आणि दोरीच्या टोकापर्यंत मागे सरली. मी पुन्हा पुढे झालो, ती पुन्हा मागे. मी चिडून म्हणालो, "हिला झालंय काय?" वडील ओट्यावर बसून पाहत होते. म्हणाले, "तिला काय व्हायचंय? हात पुढं केलास, पण मूठ सोडली नाहीस. आधी दम सोड, मग हात लाव."

मी हाताकडे पाहिले. मूठ मिटलेली नव्हती. पण खांदे कानापर्यंत चढले होते, दात आवळलेले होते, आणि श्वास छातीतच अडकला होता. हे मला ठाऊक नव्हते. घोडीला दहा हातांवरून ठाऊक होते. मी तिच्याकडे पाठ करून उभा राहिलो. किती वेळ ते आठवत नाही. श्वास खाली उतरला तेव्हा मानेवर ऊन वाफ आली. ती जवळ येऊन हुंगत होती.

मित्रहो, त्या रात्री मला झोप आली नाही. मी विचार करीत राहिलो, सभेत माझ्यासमोर तीनशे माणसे मुकाट बसली होती. मला वाटले होते त्यांना माझे म्हणणे पटले. पण घोडी मागे सरते तशी ती मागे सरली होती, फक्त त्यांच्या गळ्यात दोरी नव्हती म्हणून ती दुसऱ्या दिवशी आलीच नाहीत. तेव्हापासून वाटाघाटीच्या खोलीत शिरण्यापूर्वी मी दाराबाहेर थांबून दम सोडतो. मी मवाळ झालो असे कोणी समजू नये. मागणीतला एक रुपयाही मी त्यापायी सोडलेला नाही. पण रागाने बोलणे आणि रागाविषयी बोलणे यांतला फरक मला त्या घोडीने शिकवला.

अश्वोपचारात नेमके हेच घडवून आणतात. दुखावलेला माणूस अनेकदा स्वतःलाच फसवीत असतो. "मला काही झालेले नाही" असे तो तोंडाने म्हणतो, आणि आपण शिष्टाचार म्हणून ते मान्य करतो. घोड्याला शिष्टाचार नाही. त्याला तुमचा हुद्दा कळत नाही, जात कळत नाही, बँकेतली शिल्लक कळत नाही. तुम्ही आतून भ्यालेले असाल आणि वरून शूर, तर तो आतल्याला उत्तर देतो. आणि त्याचे उत्तर तात्काळ बदलते. तुम्ही निवळलात की तोही निवळतो. कालचा हिशेब काढून टोमणा मारीत नाही. मग शेजारी उभा असलेला तज्ज्ञ विचारतो, "आत्ता घोडा का थांबला? त्या क्षणी तुम्हांला काय वाटत होते?" "तुम्हांला राग येतो का?" असे थेट विचारले तर जो नाही म्हणाला असता, तो घोड्याविषयी बोलता बोलता स्वतःविषयी बोलू लागतो.

अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातील डॉक्टरांनी युद्धावरून मनाला जखम घेऊन परतलेल्या ६३ माजी सैनिकांवर असा उपचार करून पाहिला. आठ आठवडे, आठवड्यातून एकदा, दीड तास. घोड्यावर बसणे नाही, सगळे जमिनीवरून. त्याचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. सुमारे निम्म्या लोकांना स्पष्ट उतार पडला, आणि तीन महिन्यांनंतरही तो टिकून होता.

परंतु मी कामगार न्यायालयात उभा राहणारा माणूस आहे. एका साक्षीदारावर खटला जिंकता येत नाही हे मला ठाऊक आहे. या प्रयोगात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणजे त्यांना घोड्याने बरे केले, की सोबतीने, की मोकळ्या हवेने, की कोणीतरी आपली दखल घेतली या भावनेने, हे त्यातून सिद्ध होत नाही. २०१४ साली काही अभ्यासकांनी तोवर झालेले १४ अभ्यास तपासले आणि पुरावा अपुरा आहे असा स्वच्छ निर्वाळा दिला. माझ्या वडिलांची गोष्ट हीदेखील एकच साक्ष आहे. तेव्हा उद्या आपल्याकडे कोणी घोडा बांधून, वर पाटी लावून, सर्व मनोविकारांवर रामबाण म्हणून पैसे उकळू लागला तर त्याच्या नादी लागू नका. ज्याला डॉक्टरची गरज आहे त्याला प्रथम डॉक्टरकडेच नेले पाहिजे, आणि दिलेले औषध घोडा पाहून बंद करता कामा नये. घोडा हा डॉक्टरचा मदतनीस आहे. दवाखाना त्याच्या नावावर चालत नाही.

मग हा विषय घेऊन मी येथे का आलो? त्याचे कारण सांगणे मला जड जाते, पण सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी एक कारखाना बंद झाला. आम्ही चार वर्षे लढलो आणि कामगारांची देणी पैसा न् पैसा वसूल केली. ग्रॅच्युइटी, भरपाई, थकलेली रजा, सगळे. त्या लढ्यात माझ्या शेजारी बसणारा एक सहकारी होता. हिशेबाचे कागद तोच सांभाळी. धनादेश वाटून झाले त्या दिवशी पेढे वाटले गेले. त्याने पेढा हातात घेतला आणि तसाच धरून राहिला. पुढे तो सभांना येईनासा झाला. घरी गेलो तर दाराआडून त्याची बायको म्हणाली, "ते झोपलेत." दुपारी चार वाजता. मी ओळखायला हवे होते; कारण भिंतीला पाठ लावून बसलेला माणूस मी बाराव्या वर्षी पाहिला होता. मी म्हणालो, "उठले की सांगा, येऊन गेलो म्हणून." आणि दुसऱ्या गेटवर सभा होती म्हणून निघालो. दोन महिन्यांनी एका सकाळी तो घरातून बाहेर पडला तो परत आला नाही.

घोड्याने त्याला वाचवले असते असे मी म्हणत नाही. असे म्हणणे हा त्याच्या दुःखाचा अपमान होईल. पण आम्ही त्याच्यासाठी मागण्यांचे जे पत्रक काढले होते त्यात सतरा कलमे होती, आणि मनाविषयी एकही नव्हते. बोट तुटले तर किती भरपाई याचा तक्ता आम्हांला पाठ आहे. माणूस आतून तुटला तर कोणते कलम लावावयाचे हे आम्ही कधी विचारलेच नाही. २०१७ साली आपल्या देशात मानसिक आरोग्याचा कायदा झाला आणि मनाच्या आजारावर सरकारी सोयीतून उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरला. तो कायदा मी वाचला तो त्याच्या जाण्यानंतर. वरातीमागून घोडे म्हणतात ते हे.

आता एक शेवटची गोष्ट, आणि ती घोड्याच्या बाजूची आहे. इतका वेळ घोडा माणसाला काय देतो हे बोललो. पण कामगारांत वावरणाऱ्या माणसाला हेही विचारलेच पाहिजे की घोड्याला काय मिळते. तोही काम करणाराच आहे. त्याला मागणीपत्रक लिहिता येत नाही, एवढाच फरक. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मौजेखातर चालणाऱ्या घोड्यांच्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात त्या बंद करण्यास सांगितले. डांबरी रस्त्यावर झिजलेले खूर आणि अंधाऱ्या तबेल्यातली जनावरे ज्यांनी पाहिली त्यांना तो निर्णय पटला. मलाही पटला. पण त्या गाड्या हाकणाऱ्यांची घरे मी पाहिली होती, म्हणून माझा आनंद निम्माच राहिला. जनावराचा न्याय आणि त्याच्याबरोबर चालणाऱ्या गरिबाचा न्याय एकाच वेळी मागितला पाहिजे, नाहीतर एकाचा दुसऱ्याविरुद्ध उपयोग होतो.

माथेरानातही डिसेंबर २०२२ पासून विजेवर चालणाऱ्या रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. माणसाने माणसाला ओढण्याची जुनी हातरिक्षा जावी हे मला मनापासून मान्य आहे. घोडेवाल्यांच्या पोटात मात्र गोळा आला. माझ्या मनात येते, या लोकांना घोडा जेवढा कळतो तेवढा पुस्तक वाचून कोणाला कळणार? त्यांच्यातल्या तरुणांना व्यायामोपचारक आणि मनाचे डॉक्टर यांच्या हाताखाली रीतसर शिकवले, शांत स्वभावाची घोडी निवडली, त्यांना कामाचे तास आणि विसावा ठरवून दिला, पाठीवर त्यांच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक भार न घालण्याचा दंडक पाळला, तर आपल्या डोंगरांवर हे काम होऊ शकणार नाही काय? श्रीमंतांच्या क्लबात ते झाले तर चांगलेच. पण गिरणी कामगाराला, शेतकऱ्याच्या विधवेला, हातपाय ताठलेल्या झोपडपट्टीतल्या पोराला ते परवडेल असे झाले तर मी त्याला उपचार म्हणेन.

आणि घोडा मिळेपर्यंत काय? तोवर घोड्याचे जे काम आहे ते आपणच थोडे शिकावयास हरकत नाही. शेजारी कोणी बोलायचे थांबले असेल तर त्याच्याकडे जाऊन बसावे. "काय होणार?" असे विचारू नये. उपदेशही करू नये. त्याला करता येईल असे एखादे काम मागावे, एक कान त्याच्याकडे वळवलेला ठेवावा, आणि "ते झोपलेत" असे उत्तर आले तर दारातून परतू नये. तेवढे मी त्या दिवशी केले नाही.

लहानपणी आपण सर्वांनी ते कोडे ऐकले आहे: भाकरी का करपली, पाने का सडली, घोडा का अडला? तिन्हींचे उत्तर एक, न फिरवल्यामुळे. माणसाचे मनही एका जागी बांधून राहिले की अडते. त्याला कोणीतरी दोरी धरून, घाई न करता, चार पावले बरोबर चालावे लागते. माझ्या वडिलांबरोबर बिजली चालली. माझ्या सहकाऱ्याबरोबर कोणी चालले नाही. आमच्या युनियनच्या यंदाच्या मागणीपत्रकात मनाच्या उपचाराचे कलम मी स्वतःच्या हाताने लिहिले आहे. मालक त्यावर हसतील, कदाचित आमचेही काही हसतील. मी दाराबाहेर थांबून दम सोडीन आणि मग आत जाईन.